मिररलेस घ्यावा की खिशात मावणारा कॅमेरा? आधी दुसऱ्या लेन्सचं ठरवा

गेल्या गणपतीतली गोष्ट. भाची दीड दिवसासाठी आली होती, गळ्यात तिचा नवाकोरा मिररलेस, आरतीचे फोटो धडाधड काढले आणि पानं मांडत होतो तेवढ्यात स्क्रीन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "मामा, हा बिघडलाय का रे? सगळे फोटो रव्यासारखे येतायत."

बघितलं तर कॅमेऱ्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स, एफ ४.५ वर (हा लेन्सच्या तोंडाचा आकडा, जितका लहान तितकं तोंड मोठं) पूर्ण उघडी, झांजा हलताना पुसट येऊ नयेत म्हणून शटर १/२५० सेकंद, आणि घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात हे दोन्ही सांभाळायला कॅमेऱ्याने आयएसओ (उजेड कमी असला की फोटो उजळ करायला वाढवतात तो आकडा, वाढला की रवा वाढतो) नेलेला ८००० च्या आसपास. मग रवा येणार नाही तर काय येणार. संध्याकाळच्या आरतीला मी कपाटातून माझा जुना खिशातला कॅमेरा काढला, तिच्या शेजारी उभा राहिलो, एफ १.८, शटर तेच, आयएसओ साधारण १२५०. रात्री दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी-शेजारी लावले. माझा काही मखमल नव्हता, पण तिच्यापेक्षा स्वच्छ होता, झांजेची कड दिसत होती, मखराच्या सावलीतला रंग टिकला होता. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मग मी एवढे पैसे कशात घातले?"

बॉडीत घातलेस, लेन्समध्ये नाही, एवढंच मी म्हणालो. पण हे तिला घ्यायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय. पहिला "खरा" कॅमेरा घ्यायचा विचार चालू असेल आणि मिररलेस की छोटा कॉम्पॅक्ट यात अडकला असाल तर या क्रमाने जा.

शब्द आधी, पटकन

मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा ज्यात डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलाय, लेन्समधून येणारा उजेड थेट सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) पडतो आणि तेच तुम्हाला स्क्रीनवर नाहीतर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) दिसतं. पहिला असा कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये काढला, जी१. अल्ट्राकॉम्पॅक्ट म्हणजे ज्याची लेन्स निघत नाही, बंद केला की लेन्स आत जाते आणि सगळा ऐवज शर्टाच्या नाहीतर जीन्सच्या खिशात जातो. लोक याला पॉकेट कॅमेरा, डिजिकॅम, पॉइंट अँड शूट काहीही म्हणतात, मी खिशातला म्हणणार.

या खिशातल्यांचं राज्य फोनने संपवलं. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला आणि त्यात मार सगळ्यात जास्त बसला तो याच छोट्या कॅमेऱ्यांना. म्हणून आज दुकानात खिशातले मोजकेच दिसतात, पण जे टिकलेत त्यातले काही खरंच कामाचे आहेत.

पायरी १: फोनमधले शेवटचे २०० फोटो चाळा

यूट्यूबवरचे रिव्ह्यू नंतर. आधी एक कागद घ्या, त्यावर तीन रकाने पाडा, अंधार, लांबचं, पळणारं. फोनची गॅलरी उघडून शेवटचे २०० फोटो बघत जा (स्क्रीनशॉट आणि गुड मॉर्निंग सोडून) आणि जिथे जिथे वाटलं की अरे हा फोटो फसला, तिथे योग्य रकान्यात एक रेघ मारा. रात्रीचं जेवण, आरती, हळदीचा कार्यक्रम हे अंधारात. स्टेजवरचं गॅदरिंग, झाडावरचा पक्षी हे लांबचं. पोरं, कुत्री, ढोलपथक हे पळणारं. काही फोटो दोन रकान्यांत बसतील, बसू दे.

रेघा दहाच्या आतच आल्या तर माझं प्रामाणिक मत, काही घेऊ नका, फोन बरा आहे. उन्हातला डोंगर आणि ताटातली पुरणपोळी फोन इतकी छान काढतो की इन्स्टावर फरक कोणाला कळत नाही. भाचीचा कागद नंतर बसून भरला तेव्हा अंधारात ३१ रेघा आल्या, लांबचं ४, पळणारं १२. म्हणजे तिला पाहिजे होती उजेड खाणारी लेन्स, आणि घेतली होती ती सगळ्यात कमी उजेड खाणारी.

पायरी २: साखरेची पिशवी

कॅनन आर५० हा २०२३ चा कॅमेरा, मिररलेसमधला बऱ्यापैकी हलका, बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम. त्याची १८-४५ ची किट लेन्स १३० ग्रॅम. बेरीज ५०५, म्हणजे अर्धा किलो साखर. तर अर्धा किलो साखरेचं पाकीट एका पिशवीत घाला आणि एक रविवार ते गळ्यात नाहीतर खांद्याला लावून फिरा, मंडईत जा, बसमध्ये चढा, सिंहगड चढा. हसू नका, खरंच करून बघा. दुपारपर्यंत पाकीट गाडीच्या डिकीत गेलं असेल तर कॅमेराही डिकीतच जाणार, आणि डिकीतला कॅमेरा फोटो काढत नाही.

खिशातले ३०० ग्रॅमच्या आसपास असतात. कॅनन जी७ एक्स मार्क ३ आहे ३०४, सोनी आरएक्स१०० मार्क ७ आहे ३०२, रिको जीआर ३ तर २५७. पण वजनापेक्षा जाडी बघा, कारण खिसा जाडीला नाही म्हणतो. जीआर ३ साधारण ३३ मिलिमीटर, बाकीचे दोन ४० च्या वर, त्यामुळे ते जॅकेटच्या खिशात जातात पण घट्ट जीन्समध्ये बसल्यावर टोचतात. "पॉकेट" हा शब्द कंपन्या जरा सैल हाताने वापरतात.

मी एकदा वारीत पुण्याहून सासवडपर्यंत चाललो होतो, दिवे घाटात भुरभुर पाऊस, एका हातात छत्री, समोर डोक्यावर तुळस घेतलेल्या माऊली. खिशातून कॅमेरा काढला, बटण दाबलं, लेन्स बाहेर आली, दोन फोटो, परत खिशात. छत्री खाली ठेवावी लागली नाही आणि कोणी पोझ दिली नाही. मोठा कॅमेरा असता तर बॅग पुढे ओढणं, चेन उघडणं, लेन्सचं टोपण काढणं, आणि तोवर त्यांनी मला बघितलं असतं आणि चेहरे बदलले असते. माणसांचे फोटो काढायचे असतील तर छोटेपणा हा फीचर आहे, तो कुठल्या स्पेकमध्ये लिहिलेला नसतो.

पायरी ३: गणित, पण सोपं

इथे नीट लक्ष द्या कारण दुकानदार हे सांगत नाही, त्यालाही बहुतेक माहीत नसतं.

कॅमेऱ्यात उजेड किती येतो हे दोन गोष्टींवर, लेन्सचं तोंड किती उघडतं (एफ नंबर, जितका लहान तितकं तोंड मोठं) आणि सेन्सर केवढा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. एपीएस-सी, जो बहुतेक स्वस्त मिररलेसमध्ये असतो, २३.५ बाय १५.६ च्या आसपास (कॅननचा थोडा लहान), टपालाच्या छोट्या तिकिटाएवढा. चांगल्या खिशातल्यांमध्ये "१ इंच" सेन्सर असतो, जो इंचभर मुळीच नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढा, हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चिकटलंय आणि कोणी काढत नाही. आणि स्वस्त खिशातल्यांचा १/२.३ इंच, ६.२ बाय ४.६, मसुरीचा दाणा.

आता दोन वेगळ्या सेन्सरचे कॅमेरे एका तराजूत घालायचे तर प्रत्येकाचा एफ नंबर त्याच्या क्रॉप आकड्याने (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान ते सांगणारा आकडा) गुणा. फुल फ्रेमला १, सोनी-निकॉन-फुजीच्या एपीएस-सीला १.५, कॅननच्या एपीएस-सीला १.६, मायक्रो फोर थर्ड्सला (एपीएस-सीपेक्षा थोडा लहान सेन्सर) २, १ इंचाला २.७, मसुरीला ५.६. उत्तर जितकं लहान तितका अंधारात कॅमेरा चांगला, आणि मागचं धूसर करण्यातही.

भाचीची किट लेन्स, ४.५ गुणिले १.६, झाले ७.२.
माझा खिशातला, १.८ गुणिले २.७, झाले ४.९.
जीआर ३, त्यात एपीएस-सी सेन्सर आहे आणि एफ २.८ ची न हलणारी लेन्स, २.८ गुणिले १.५, झाले ४.२.
आणि एखाद्या चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा या हिशोबात साडेसहाच्या आसपास बसतो.

परत वाचा. किट लेन्स लावलेला मिररलेस एका फ्रेमपुरतं बोलायचं तर फोनच्याही थोडा मागे! वर फोन आठ-दहा फ्रेम चिकटवून अजून साफ करतो, मात्र माणूस हलला की ती चिकटवाचिकटव फसते आणि हाताला सहा बोटं येतात. उजेडातला फरक हा आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग असतो, म्हणजे ७.२ भागिले ४.९, त्याचा वर्ग, साधारण दुप्पट. माझ्या कॅमेऱ्यावर तिच्यापेक्षा दुप्पट उजेड पडत होता, सेन्सर तिच्या एक तृतीयांश असून.

याला एक चलाखी जोडलेली आहे ती पण सांगतो. कंपन्या खिशातल्या कॅमेऱ्यावर "२४-१०० मिमी एफ १.८-२.८" असं मोठ्या थाटात लिहितात, त्यात मिलिमीटरचा आकडा फुल फ्रेमच्या हिशोबाने गुणलेला असतो आणि एफ नंबर मात्र न गुणलेला. दोन्हीकडून फायदा. त्यामुळे गुणाकार आपला आपणच करायचा.

मिररलेसवर अन्याय नको. त्याच आर५० वर ५० मिमी एफ १.८ लेन्स लावा, १.८ गुणिले १.६, झाले २.९. किट लेन्सच्या सहापट उजेड, माझ्या खिशातल्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे मिररलेस जिंकतो, आणि दणकून जिंकतो, पण दुसरी लेन्स लावल्यावर.

पायरी ४: दुसरी लेन्स घेणार का, आजच उत्तर द्या

"आधी बॉडी घेऊ, लेन्स नंतर बघू" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय आणि त्यातल्या बहुतेकांची किट लेन्स तीन वर्षांनीही तिथेच आहे, काही जणांनी तर ती एकदाही काढलेली नाही. लेन्स निघते कशी हेच माहीत नाही. तसं असेल तर लेन्स बदलायच्या सोयीचे पैसे भरून सोय वापरलीच नाही, जिमची फी भरल्यासारखं.

म्हणून माझा नियम एकच, बजेट मांडताना दुसरी लेन्स पहिल्याच दिवशी बिलात दिसली पाहिजे. पहिली स्वस्त प्राइम (झूम नसलेली, मोठ्या तोंडाची लेन्स) साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात पडते. ती धरून बजेट बसत नसेल तर बॉडी जुनी घ्या, २०१४ चा सोनी ए६००० सुद्धा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि चांगली लेन्स लावली तर नव्या बॉडीवरच्या किट लेन्सला अंधारात सहज मागे टाकेल. आणि तेही नको असेल तर सरळ खिशातला घ्या, त्यात लाज कसली.

कुठली लेन्स हे तुमच्या कागदावर लिहिलंय. अंधार जास्त असेल तर प्राइम, पण ५० ची घ्यायच्या आधी थांबा. सगळे ५० सांगतात कारण ती स्वस्त असते, पण एपीएस-सीवर ती ७५-८० मिमीसारखी वागते, आपल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये केक कापणाऱ्या पोराचा फोटो काढायला मागे सरकता सरकता फ्रिजला पाठ लागते आणि फ्रेममध्ये अजूनही नुसता केक आणि अर्धा पोरगा. घरात वापरायला २३ ते ३५ मधलं काहीतरी बघा. प्राइम बदलत बसायचा कंटाळा असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ ही झूम मला फार पटते, वजन २९० ग्रॅमच आणि किट लेन्स कायमची घरी ठेवता येते. ती तुमच्या माउंटमध्ये (बॉडीवर लेन्स बसते ती कंपनीची खाच) मिळते का ते बॉडी घ्यायच्या आधी बघा, कारण बॉडी घेतली की त्या कंपनीच्या माउंटशी लग्न लागतं, सोनी ई आणि फुजी एक्ससाठी बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स भरपूर, कॅनन आरएफच्या एपीएस-सीवर त्या २०२४ पासून यायला लागल्या.

लांबचं जास्त असेल, म्हणजे भिगवणला होडीतून फ्लेमिंगो वगैरे, तर खिशातल्याचा विषयच सोडा. आरएक्स१०० मार्क ७ चा झूम २०० मिमीपर्यंत जातो, खिशातल्यासाठी तो कमालच म्हणायची, पण पाण्यातला फ्लेमिंगो त्यात गुलाबी ठिपका होतो. कॅननची १००-४०० ही ६३५ ग्रॅमची लेन्स एपीएस-सीवर ६४० मिमीपर्यंत पोचते, तिथे मिररलेसला पर्याय नाही.

पळणारं जास्त असेल तर फोकस बघा. मिररलेस डोळा पकडून धरतो आणि माणूस फिरला तरी सोडत नाही, खिशातल्यांमध्ये हे मॉडेलगणिक बदलतं, स्पेकमध्ये "फेज डिटेक्ट" लिहिलंय का ते शोधा, नुसतं "कॉन्ट्रास्ट डिटेक्ट" असेल तर धावणारं पोरगं पुढे निघून गेल्यावर फोकस येतो.

अजून एक, व्ह्यूफाइंडर. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० हे मिररलेस असूनही त्यांना व्ह्यूफाइंडर नाही, व्हिडिओवाल्यांसाठी केलेत ते. एप्रिल-मेच्या उन्हात रायगडावर स्क्रीन आरशासारखी चमकते आणि तुम्ही स्वतःचा घामेजलेला चेहरा बघत अंदाजाने फोटो काढता, तेव्हा याची किंमत कळते.

पायरी ५: खिशातला ठरला, तर कुठला

मसुरीवाला नवा घेऊ नका. फोनपेक्षा सेन्सर लहान आणि डोकं कमी. अपवाद दोन. एक, ज्यांना तो २००५-१० सालचा फ्लॅश मारल्यासारखा लूक मुद्दाम पाहिजे त्यांनी घरातल्या कपाटात, काकांच्या ड्रॉवरमध्ये शोधावं, जुना पडलेला असतोच, त्यासाठी पैसे नकोत. दुसरा अपवाद टीजी-७, ओएम सिस्टिमचा, २०२३ चा. १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, लेन्स बाहेरच येत नाही, आतल्या आत हलते. गुणाकार केला तर अकराच्या वर जातो म्हणजे अंधारात बिचारा आंधळा, पण जुलैतल्या हरिश्चंद्रगडावर नाहीतर तारकर्लीच्या पाण्यात दुसरं कोण येणार सोबत? कासच्या पठारावर तर मी त्याला मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा वरचा मानतो, अगदी सेंटीमीटरवर फोकस होतो, वाटेच्या कडेला बसून बोटाच्या पेराएवढं फूल फ्रेमभर येतं.

१ इंचवाल्यांत दोन जाती. एक थोडा झूम आणि मोठ्या तोंडाची (जी७ एक्स सारखे), घर-लग्न-जेवण-प्रवास सगळ्याला. दुसरी लांब झूम पण लहान तोंड, आरएक्स१०० मार्क ७ चा एफ २.८ गुणिले २.७ केला की साडेसात, म्हणजे आरतीच्या बाबतीत भाचीच्या किट लेन्सच्याच रांगेत. नाव आरएक्स१०० बघून घेऊ नका, त्याच नावाच्या जुन्या मार्क ५ए चं तोंड १.८ चं होतं.

जीआर ३ बद्दल जरा जपून सांगतो कारण मला तो फार आवडतो. झूम नाही, २८ मिमी म्हणजे २८ मिमी (४० मिमीचा जुळा भाऊ ३एक्स पण आहे). फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, बॅटरी २०० फोटोंत मान टाकते. पण एपीएस-सी सेन्सर शर्टाच्या खिशात. पहिलाच कॅमेरा म्हणून सगळ्यांना सुचवणार नाही, लग्नात मागच्या रांगेतून नवरीचा क्लोजअप पाहिजे म्हणणाऱ्याला तर नाहीच.

पायरी ६: आपली हवा

युरोप-अमेरिकेतले रिव्ह्यूवाले हे कधीच सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे जुलै नाही.

मुंबई-कोकणात आणि पावसाळ्यात पुण्यातही लेन्सला बुरशी लागते. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला आणि कॅमेरा अंधाऱ्या कपाटात बॅगेत पडून असला की ती वाढतेच, आणि कॅमेऱ्याची ती महागडी मऊ बॅग ओल धरून ठेवते, म्हणून ठेवायला बॅग सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि तीनशे-चारशे रुपयांचं आर्द्रतामापक, काटा ४०-५० मध्ये ठेवायचा, झालं. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरायची. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, तांदळाची पूड आत जाईल ती वेगळीच.

बुरशीच्या बाबतीत मिररलेस बरा, एक लेन्स खराब झाली तर ती एकच जाते. खिशातल्याची लेन्स आणि कॅमेरा एकच जीव, लेन्स गेली की दुरुस्तीचा आकडा नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जातो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझा पहिला खिशातला गुहागरला गेला, कायमचा. पुळणीवर बसलो होतो, कॅमेरा बर्म्युडाच्या खिशात, त्याच खिशात सकाळची वाळू. संध्याकाळी सूर्यास्ताला बटण दाबलं, लेन्स अर्धी बाहेर आली, कर्र असा दळणासारखा आवाज झाला आणि अडकली. ना आत ना बाहेर. स्क्रीनवर लेन्स एररचा मेसेज, आणि मागे तो सूर्य टाइम काढून बुडाला. पुण्यात सर्व्हिसवाल्याने बघितलं आणि म्हणाला, साहेब, ठेवून द्या आठवण म्हणून. दोष कंपनीचा नव्हता, माझ्या खिशाचा होता. तेव्हापासून समुद्रावर जाताना खिशातला कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत, आणि ती पिशवी खिशात.

झिपलॉकचा दुसरा उपयोग, कोकणातल्या एसी खोलीतून सकाळी थेट बाहेर आलात की थंड काचेवर धुकं धरतं, तेव्हा पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवा, मग काढा. आणि मिररलेसची लेन्स पुळणीवर, धुळीच्या रस्त्यावर, भंडारा उधळतायत तिथे बदलायची नाही म्हणजे नाही, जेजुरीला जाताना घरून एकच लेन्स लावून निघा.

पायरी ७: दुकानात

मुंबईत असाल तर फोर्टमधला बोरा बाजार एकदा पायी फिरा, कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत आणि दोन-चार ठिकाणी हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नये. खिशात स्वतःचं एसडी कार्ड न्या. दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याकडे, सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगून, शटर १/२५० लावून फोटो काढा, आयएसओ ऑटो. दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच. कार्ड घरी आणा, मोठ्या स्क्रीनवर बघा, मग ठरवा. उजळलेल्या शोकेसचे फोटो सगळ्याच कॅमेऱ्यांत छान येतात.

पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही विचारा, "साहेब बिल नको तर एवढे कमी करतो" म्हणजे बहुतेक बाहेरून आणलेला माल, सर्व्हिस सेंटर हात लावत नाही. जुना घेत असाल तर खिशातल्याची लेन्स दहा वेळा चालू-बंद करून कान लावा, आवाज एकसारखा पाहिजे. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून धागे दिसतात का बघा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफचा सगळ्यात मोठा आकडा लावून काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ, मिररलेसमध्ये ती साफ होते, खिशातल्यात उघडल्याशिवाय नाही. मिररलेसचा शटर काउंट (आजवर शटर किती वेळा चाललंय तो आकडा) विचारा, सांगायला टाळाटाळ केली तर पुढच्या दुकानात.

आणि या गोष्टी त्याच बिलात घ्या, एक जास्तीची बॅटरी (खिशातले २००-३०० फोटोंत संपतात, लग्नाची सकाळ पण निघत नाही), व्ही३० लिहिलेलं ६४ जीबीचं कार्ड, आणि खिशातल्याला मनगटाची दोरी. ट्रायपॉड, फिल्टरचा संच, साफसफाईचं किट जे दुकानदार "फ्री" म्हणून पुढे सरकवतो ते तिथेच राहू द्या.

घरी आल्यावर

पहिला महिना एकच मोड, एफ नंबर आपण ठरवायचा आणि बाकी कॅमेऱ्याने, डायलवर ए नाहीतर एव्ही लिहिलेलं असतं. ऑटो आयएसओ चालू, कमीत कमी शटर १/१२५, माणसं हलत असतील तर १/२५०. सायलेंट शटर बंद ठेवा, मंडपातल्या एलईडीखाली त्याने फोटोवर आडवे पट्टे येतात आणि माणूस कॅमेऱ्याला शिव्या घालतो.

भाचीने शेवटी कॅमेरा विकला नाही. दिवाळीत एक जुनी ३० ची प्राइम घेतली, किट लेन्स माझ्याकडे डब्यात ठेवायला देऊन गेली, आणि लक्ष्मीपूजनाचे फोटो पाठवले ते मी अजून वॉलपेपर म्हणून ठेवलेत. मला म्हणाली, "मामा, तुझा खिशातला मला ट्रेकला देशील का?" देतो म्हटलं, झिपलॉकसकट.

बॉक्स उघडल्या उघडल्या तारीख-वेळ मात्र लावा. मी लावली नव्हती, त्यामुळे गुहागरचे सगळे फोटो लॅपटॉपमध्ये १ जानेवारीच्या मध्यरात्रीचे आहेत, भर उन्हातले.